डेस्कटॉपचे आयकॉन बदला बिनधास्त, पण तो छोटा बाण काढू नका!

'ॲस्थेटिक डेस्कटॉप सेटअप'चे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच. एकाच रंगाचे फोल्डर, मस्त वॉलपेपर आणि प्रत्येक ॲपला नवा आयकॉन. फोन सजवायची सवय असलेल्या पिढीला लॅपटॉपही तसाच हवा असतो, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. पण अशा बऱ्याच व्हिडिओंमध्ये एक स्टेप हमखास असते: शॉर्टकटच्या कोपऱ्यातला तो छोटा बाण रजिस्ट्रीत बदल करून काढून टाका, म्हणजे आयकॉन 'क्लीन' दिसतील.

ही एक स्टेप मात्र करू नका. का ते समजून घ्यायचं तर गेल्या काही काळात शॉर्टकट फाइल्सबद्दल आलेल्या बातम्या बघाव्या लागतील.

नेमकं काय समोर आलं?

मार्च २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीनं विंडोजच्या शॉर्टकटमधली एक त्रुटी जाहीर केली. त्यांना जवळपास १,००० घातक शॉर्टकट फाइल्स सापडल्या होत्या. वेगवेगळ्या देशांच्या सरकारांचा पाठिंबा असलेले ११ हॅकर गट २०१७ पासून ही युक्ती वापरत होते. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये आर्क्टिक वुल्फ या दुसऱ्या कंपनीनं सांगितलं, की याच त्रुटीचा वापर करून हंगेरी आणि बेल्जियममधल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना टार्गेट केलं गेलं. ईमेलमधून आलेली फाइल युरोपियन बैठकीचं कागदपत्र वाटायची. क्लिक केल्यावर खरोखरची पीडीएफ उघडायचीही. पण त्याच वेळी मागे गुपचूप हेरगिरीचं सॉफ्टवेअर बसायचं.

आयकॉनचा इथे काय संबंध?

विंडोजमध्ये फाइलला आयकॉन कुठून मिळतो, ते आधी पाहू. साध्या डॉक्युमेंटचा आयकॉन विंडोज स्वतः ठरवतं, फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, बघून. ईएक्सई प्रोग्रॅमचा आयकॉन त्या फाइलच्या आतच असतो, म्हणजे तो बनवणाऱ्यानं ठरवलेला. शॉर्टकटचं मात्र वेगळं आहे. शॉर्टकट म्हणजे फक्त एक चिठ्ठी. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: काय उघडायचं आणि कोणतं चित्र दाखवायचं. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असायलाच हवा, असं कोणतंही बंधन नाही.

म्हणूनच तर आपल्याला आयकॉन बदलता येतो! शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'चेंज आयकॉन', आणि हवं ते चित्र निवडा. हॅकरही अगदी हेच करतो. तो चित्र पीडीएफचं निवडतो आणि 'काय उघडायचं' तिथे स्वतःची कमांड लिहितो. तुमची सजावट आणि त्याची फसवणूक, दोन्ही एकाच सोयीवर चालतात.

मग प्रॉपर्टीज उघडून खरी कमांड बघितली की झालं, असं वाटेल. गोम तिथेच होती. प्रॉपर्टीजमधल्या 'टार्गेट'च्या रकान्यात फक्त पहिली २६० अक्षरं दिसायची. हॅकर आधी भरपूर रिकाम्या जागा टाकायचे आणि त्यानंतर घातक कमांड लिहायचे. बघणाऱ्याला सगळं नॉर्मल दिसायचं.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणं काय होतं?

सुरुवातीला कंपनीची भूमिका अशी होती, की ही त्रुटी तातडीनं दुरुस्त करण्याइतकी गंभीर नाही. त्यात थोडं तथ्य आहे. फाइल तुम्ही स्वतः उघडावी लागते, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलबाबत विंडोज बऱ्याचदा इशाराही देतं. पण हा युक्तिवाद अर्धाच आहे. 'वापरणाऱ्यानं नीट तपासून उघडावं' असं म्हणायचं, तर तपासायची खिडकी तरी खरं दाखवणारी हवी ना? शेवटी २०२५ च्या अखेरच्या अपडेट्समध्ये त्या रकान्यात पूर्ण कमांड दिसायची सोय झाली.

इथे अजून एक मुद्दा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी केलेली नाही, त्यांच्या कॉम्प्युटरवर अशा नंतरच्या दुरुस्त्या पोहोचत नाहीत. घरातला जुना पीसी असो की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा, त्याची अवस्था काय आहे हे एकदा बघून घ्या.

शॉर्टकटच का?

कारण २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइल्समधले मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली. हॅकरांचा तो लाडका रस्ता बंद झाला आणि ते शॉर्टकटकडे वळले. तसा हा धोका जुनाच. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट व्हायरसनं तर कमालच केली होती. त्याच्या शॉर्टकटवर क्लिक करायचीही गरज नव्हती. पेन ड्राइव्ह उघडून नुसता आयकॉन स्क्रीनवर दिसला, की कोड चालू व्हायचा. ती त्रुटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुरुस्त झाली.

आता त्या बाणाकडे येऊ

'फाइलचं शेपूट बघून ओळखू' असं म्हणाल, तर शॉर्टकटचं एलएनके हे शेपूट विंडोज सहसा दाखवतच नाही, अगदी एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू केली तरी. म्हणजे 'लग्नपत्रिका डॉट पीडीएफ' असं नाव, पीडीएफचाच आयकॉन, आणि खरं शेपूट गायब. अशा वेळी चटकन डोळ्यात भरणारी खूण एकच उरते, ती म्हणजे कोपऱ्यातला बाण. 'क्लीन लूक'साठी आपण नेमकी तीच पुसून टाकतो.

मग सजवायचं कसं?

• आयकॉन पॅक घेताना त्यात आयसीओ फाइल्स आहेत का बघा. ती फक्त चित्रं असतात. पॅकसाठी ईएक्सई चालवायला किंवा रजिस्ट्रीची फाइल उघडायला सांगत असतील, तर सोडून द्या.

• फोल्डरसाठी प्रॉपर्टीजमध्ये 'कस्टमाइझ' टॅब आहे. रीसायकल बिन वगैरेंसाठी सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स आणि मग 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज'. यात वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

• विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'शो'वर जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. डॉक्युमेंटचं सोंग घेतलेली ईएक्सई त्यातून लगेच उघडी पडते.

• डाउनलोड केलेली फाइल शंकास्पद वाटली, तर 'डिटेल्स' व्ह्यूमध्ये 'टाइप'चा रकाना बघा. तुम्हाला पीडीएफ हवी होती आणि तिथे 'शॉर्टकट' लिहिलंय? सरळ डिलीट करा.

फोनवर तरी वेगळं काय आहे?

फारसं नाही. २०२४ च्या अखेरीस हिमाचल प्रदेश पोलिसांनी व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या लग्नपत्रिकांबद्दल इशारा दिला होता. ती पत्रिका नसून एपीके, म्हणजे इन्स्टॉल होणारं ॲप असायचं. आरटीओ चलानच्या नावानंही अशीच ॲप्स फिरतात. ॲपचं नाव आणि आयकॉन दोन्ही ते बनवणाराच ठरवतो. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

डेस्कटॉप तुमचा आहे, हवा तसा रंगवा. फक्त एवढं पक्कं लक्षात ठेवा, की जो आयकॉन तुम्ही दोन मिनिटांत बदलू शकता, तो समोरचाही बदलू शकतो. आणि तो बाण? राहू द्या. दिसायला थोडा खटकेल, पण कामाचा आहे.