आलं तेव्हा केवढं होतं?

मावशीच्या शोकेसमध्ये शिंपल्यांच्या मोराशेजारी पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा असायचा. मे महिन्यात रत्नागिरीला गेलं की तो खाली उतरवून जुन्या टूथब्रशने घासायचं काम माझं. प्रवाळ पांढरंच असतं अशी माझी पक्की समजूत होती. ते मेलेल्या जिवाचं हाड आहे हे कळायला मला चाळिशी आणि नेदरलँड्समधलं आर्नेम गाठावं लागलं.

आर्नेमच्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात २००० सालापासून साडेसात लाख लिटरची जिवंत प्रवाळाची टाकी आहे. मुलाला शार्क बघायचे होते, पण माझा पाय त्या काचेपुढून निघेना. मांडून ठेवलंय असं काही दिसतच नव्हतं. एका प्रवाळावर दुसरं चढलेलं, तिसऱ्याने उजेडासाठी मान वाकडी केलेली. एके ठिकाणी दोघांच्या मध्ये पांढरा पट्टा होता. रात्री दंश करून एकाने दुसऱ्याला मागे रेटलं होतं. आमच्या परसातलं जुनं कुंपण आठवलं. कधीकाळी कुणी लावलेलं, पण आता आपल्या मनाने वाढणारं.

त्याच वर्षी, २०१५ मध्ये, नाइमेखनच्या आमच्या घरात साडेतीनशे लिटरची टाकी आली. येणारे-जाणारे विचारतात, मासे किती, रंग किती, खर्च किती? माझं म्हणणं असं की टाकीची सुंदरता एकाच गोष्टीवर जोखावी: तिच्यातलं किती तिथेच वाढलंय. बाकीचं सगळं पैसे टाकून एका दुपारी घरी आणता येतं.

हे जोखायचं तर आधी टाकीवरचे निळे दिवे कमी करायला सांगा. निळ्या उजेडात प्रवाळातली प्रथिनं हिरवी, नारिंगी चमकतात. त्यात खोटं काही नाही, समुद्रातही खोल जावं तसा लाल रंग विरत जातो आणि निळा उरतो. पण त्या झगमगाटात आजारी प्रवाळही देखणं दिसतं. पांढऱ्या उजेडात फांद्यांची टोकं बघा. टोक फिकट आणि त्याखाली रंग भरलेला असेल, तर फांदी वाढते आहे. मग खडक बघा. त्याच्यावर जांभळट गुलाबी, लाखेसारखं घट्ट बसलेलं चुन्याचं शेवाळ हवं. माझ्याकडे आधी तपकिरी थर आला, मग हिरवे केस आले, आणि आठव्या महिन्यात मागच्या काचेवर टिकलीएवढा गुलाबी ठिपका उमटला. काच घासताना तेवढी जागा मी सोडून दिली.

वाढ पाण्यातूनही कळते. लिटरभर पाण्यात मीठ ३५ ग्रॅम, कॅल्शियम सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठागरं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून रोज तीनेक लिटर गोडं पाणीच घालायचं. दर रविवारी पाण्याचा अल्कपणा तपासायचा. नळीत थेंब थेंब टाकत जायचं, निळसर पाणी गुलाबी होईपर्यंत. पहिल्या वर्षी तो आकडा आठवडे न् आठवडे जागचा हलत नसे. मग एका रविवारी तो खाली आला आणि मी आनंदाने नवऱ्याला हाक मारली. पाण्यातला चुना कुणीतरी उचलत होतं, त्याचं हाड बांधत होतं.

पण त्याआधी, घाईत मी एक जीव घालवला. तिसऱ्या महिन्यात मँडरिन मासा आणला. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, पैठणीच्या पदरालाही इतकं बारीक काम नसेल. हा मासा दिवसभर खडकावरचे सूक्ष्म किडे टिपत फिरतो. माझ्या नव्या खडकांवर ते पुरेसे नव्हतेच. दुकानातलं खाणं त्याने तोंडात घेऊन टाकून दिलं. सहा आठवड्यांत त्याचं पोट पाठीला लागलं. टाकी तयार नसताना केवळ रूपासाठी मी त्याला आणलं, याचं दुःख अजून आहे. त्याची जागा मी पुन्हा भरली नाही. विदूषक माशांची जोडी मात्र माणसांनी वाढवलेल्या पिल्लांतली आहे. अशी पैदास आपल्याकडे केरळात विळिंजमलाही होते.

२५ जुलै २०१९ ला नेदरलँड्समध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशीपार गेला. इथल्या बहुतेक घरांत तेव्हा एसी नव्हता. टाकीचं पाणी सव्वीसवरून तिशीवर गेलं. पंखा लावला, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, रात्रभर थर्मामीटर धरून बसले. तरी पानासारखं पसरणारं माझं तपकिरी प्रवाळ चार दिवसांत फटफटीत पडलं. प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला रंग देतं आणि अन्नही. उष्णता सोसेनाशी झाली की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं. मावशीच्या शोकेसमधला तो रंग माझ्या डोळ्यांदेखत येत होता. माझं प्रवाळ नोव्हेंबरपर्यंत सावरलं. समुद्रात बर्फाच्या बाटल्या कोण सोडणार? २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं, आणि त्यात आपलं लक्षद्वीपही पोळलं.

इथली हौशी मंडळी प्रवाळाच्या तोडलेल्या फांदीला ‘स्टेक्ये’ म्हणतात. रोपाच्या छाटलेल्या फांदीलाही डचमध्ये हाच शब्द. आई जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारणीला द्यायची, तशीच ही फांदी दह्याच्या डब्यातून घरोघरी जाते. माझ्याकडचं हिरवं प्रवाळ अंगठ्याएवढं आलं होतं, आता दोन मुठींत मावत नाही. त्याच्यासाठी समुद्रातला एक खडकही फोडावा लागला नाही.

हे सगळं मी मुंबई डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलेलं तारापोरवाला मत्स्यालय बंद झालं. माझ्या पिढीने पहिला समुद्री मासा तिथेच पाहिला. नवं मत्स्यालय होईल तेव्हा काचेचे बोगदे आणि रंगवलेली प्लास्टिकची प्रवाळं यांवर पैसा उधळू नये. खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने, आणि तो कायदा योग्यच आहे. पण हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर आपली स्वतःची प्रवाळं आहेत. किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये त्यातली काही हलवावी लागली, तेव्हा कित्येक मुंबईकरांना ती आहेत हे पहिल्यांदा समजलं. गढूळ पाण्यात, भरती-ओहोटीच्या धक्क्यांत तगलेली, मळकट रंगांची. रीतसर परवानगी घेऊन, अशा कामांत हलवावीच लागणाऱ्या प्रवाळांचे चार तुकडे एका टाकीत वाढवावेत. दहा वर्षं लागली तरी लागू देत. काचेवरच्या पाटीवर दोनच ओळी असाव्यात: कोणत्या खडकावरून आलं, आणि आलं तेव्हा किती सेंटिमीटर होतं.