तिला लाजाळू म्हणू नका

जपानी प्रेमकथांच्या मालिकांत एक मुलगी पुन्हा पुन्हा भेटते. अंगात पांढरा अंगरखा, खाली लाल हाकामा, पाठीवर लांब केस. ती देवळाचं अंगण झाडत असते. नायक समोर आला की तिच्या हातातला झाडू थांबतो, मान खाली जाते आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. ही मिको, म्हणजे शिंतो देवस्थानात सेवा करणारी तरुणी. आपल्याकडे तिचे चाहते आहेत तसे टीकाकारही आहेत, आणि दोघांच्या तोंडी तिच्यासाठी एकच शब्द असतो: लाजाळू. चाहत्यांना तिचं लाजणं गोड वाटतं, टीकाकारांना ते मागासलेपण वाटतं. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण ती गप्प का आहे हे दोघंही विचारत नाहीत.

नोरिको ओगिवारा यांची ‘आर.डी.जी. : रेड डेटा गर्ल’ ही कादंबरीमालिका २००८पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि २०१३ साली तिच्यावर बारा भागांची ॲनिमे मालिका आली. नायिका इझुमिको सुझुहारा कुमानोच्या डोंगरातल्या एका देवस्थानात वाढलेली. दोन लांब वेण्या, चष्मा आणि जेमतेम ऐकू येणारा आवाज. तिनं हात लावला की यंत्रं बिघडतात. तिचे वडील परदेशी, आई कामानिमित्त सदा बाहेर. तिनं कुठल्या शाळेत जावं, कोणाच्या सोबतीनं राहावं, हे मोठी माणसं परस्पर ठरवतात. आणि तिच्या वेण्या ही नुसती केशरचना नाही, ते कुलूप आहे. त्या सुटल्या की तिच्या अंगात हिमेगामी ही देवता येते, आणि ही देवता अजिबात बुजत नाही. ती ऐटीत बोलते, समोरच्याला गप्प करते.

म्हणजे मुलगी एकच आणि आवाज दोन. त्यातला मोठा आवाज वेणीत बांधून ठेवलेला. ज्या मुलीला लहानपणापासून स्वतःच्याच आवाजापासून जपलं गेलं, ती लाजाळू कशी? तिला गप्प राहण्याची सवय लावली गेली आहे. कथेच्या सुरुवातीला ती स्वतःच्या कपाळावरचे केस स्वतः कापते. एवढ्याशा गोष्टीनं घरचे हादरतात. ‘लाजाळू मुलगी हळूहळू खुलते’ असा सारांश लिहिणाऱ्यांनी ही कात्री पाहिलीच नाही.

आता इतिहास पाहू. जुन्या जपानात मिकोचं काम झाडू मारणं हे नव्हतं. तिच्या अंगात देव येई, मृत येत, आणि ती बोले. या विद्येला शब्दच आहे ‘कुचियोसे’, म्हणजे मुखी बोलावणं. तोंड हेच तिचं साधन होतं. काही जणी देवस्थानाच्या आश्रयाला असत, काही गावोगाव फिरत. कुमानोच्या बिकुनी म्हणजे भिक्षुणी तर स्वर्ग-नरकाची मोठी चित्रं घेऊन हिंडत आणि ती लोकांना समजावून सांगत. इझुमोच्या देवस्थानातली मिको म्हणून परंपरा जिला ओळखते, त्या ओकुनीनं १६०३च्या सुमारास क्योतोत काबुकीचा पाया घातला. १६२९ साली स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली.

मग मेइजी सरकार आलं. १८७२ साली त्यानं शुगेन्दो, म्हणजे डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशींचा पंथ, बंद केला. १८७३ साली मिकोंच्या अंगात येण्यावर आणि कुचियोसेवर बंदी आली. ओगिवारांच्या मालिकेतला नायक मियुकी सागारा यामाबुशींच्या परंपरेतला आहे आणि नायिका देवता अंगात येणाऱ्यांच्या. एकाच सरकारनं वर्षभराच्या अंतरानं बंद केलेल्या दोन वाटांवरची ही मुलं आहेत. नामशेष होऊ घातलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदवहीचं नाव या मालिकेला उगाच दिलेलं नाही.

बंदीनंतर मिको उरली ती नृत्यापुरती. १९४० साली साम्राज्याच्या २६००व्या वर्षाचा सोहळा झाला, तेव्हा देशभरच्या देवस्थानांसाठी ‘उरायासु नो माई’ हे नृत्य नव्यानं बसवण्यात आलं. ते आजही चालतं. त्याच्या गाण्याचे शब्द सम्राट हिरोहितो यांच्या कवितेचे आहेत. जिच्या मुखातून देव बोले, ती आता सम्राटाच्या शब्दांवर पावलं टाकते. पुढच्या पिढ्यांनी पाहिली ती हीच मिको: नीटनेटकी, मान झुकवलेली, नववर्षाच्या गर्दीत ताईत आणि भविष्याच्या चिठ्ठ्या विकणारी. प्रेमकथांनी उचलली तीही हीच. तिचं मौन कुठून आलं ते विसरलं गेलं आणि मौन तेवढं नायिकेचा गुण म्हणून शिल्लक राहिलं.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला आपल्याच घरचा आहे. अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीचा वारसा सांगणारा मराठी वाचक म्हणेल, अंगात येण्याचं थोतांड सरकारनं बंद केलं, यात वाईट काय झालं? अंगात येणं खरं आहे असं मीही मानत नाही. पण मेइजी राज्याला विवेकवादी म्हणायचं, तर त्याच राज्यानं सम्राटाला सूर्यदेवतेचा वंशज म्हणून देशाच्या माथी बसवलं, त्याचं काय? त्यानं देवाचा आवाज बंद केला नाही. तो कोणाच्या तोंडून निघावा, एवढंच बदललं. त्या बदलात स्त्रियांच्या हातचं पोटापाण्याचं साधन आणि गावातला मान, दोन्ही गेलं.

दुसरा आक्षेप असा की, मनोरंजनासाठी लिहिलेल्या मालिकेवर मी इतिहासाचं ओझं लादतो आहे. पण वेणीचं कुलूप मी बसवलेलं नाही, आणि कुमानोचा डोंगरही मी निवडलेला नाही. मालिकेत दोष नाहीत असंही नाही. संरक्षक मुलगा आणि रक्षणाची गरज असलेली मुलगी ही जुनीच जोडी तिथे आहे, आणि बारा भागांत ॲनिमे इतकी धावते की इझुमिकोच्या मनातलं बरंच निसटतं. तरीही ती एक गोष्ट चुकत नाही. इझुमिकोचं गप्प राहणं मियुकीला सुरुवातीला चीड आणतं, गोड वाटत नाही. त्यांचं प्रेम पुढे सरकतं ते तो तिचं ऐकायला शिकतो तेव्हा, आणि ती अंगातल्या देवतेपासून पळणं सोडते तेव्हा. ज्या डझनावारी मालिकांत मिको शेवटपर्यंत लाजत राहते आणि त्यासाठीच आवडून घेतली जाते, त्यांना मी हिशेब मागतो आहे.

आणि हिशेब आपल्या शब्दांचाही आहे. इंग्रजी उपशीर्षकांतला एकच शब्द आपण उचलतो आणि त्यावर ‘लाजाळू’ चिकटवतो. मराठी इतकी गरीब नाही. लाजरी वेगळी, बुजरी वेगळी, भिडस्त वेगळी, अबोल वेगळी, मुखदुर्बळ वेगळी. लाजरीला कोणीतरी पाहतंय याचं सुख असतं, बुजरीला त्याचंच भय असतं. भिडस्त मुलगी दुसऱ्याचं मन राखते. मुखदुर्बळ मुलीकडे सांगण्यासारखं असतं, पण तोंड साथ देत नाही. इझुमिकोला हा शेवटचा शब्द सर्वांत जवळचा, आणि तोही पुरेसा नाही, कारण तिचं तोंड दुर्बळ नाही, बांधलेलं आहे. मिकोला ‘देवदासी’ म्हणणारे तर आणखी मोठा घोटाळा करतात. त्या शब्दामागचा छळ आणि कायदे आपले आहेत, ते तिच्या गळ्यात घालू नयेत. तिला मिकोच म्हणावं.

ओसोरेझानच्या डोंगरावर इताको म्हणवणाऱ्या, परंपरेनं अंध असलेल्या स्त्रिया आजही मृतांच्या वतीनं बोलतात. आता त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण पुढच्या वेळी पडद्यावर लाल हाकामातली मुलगी मान खाली घालून गप्प झाली, की ती कोणासमोर गप्प झाली आणि तिला गप्प राहायला कोणी शिकवलं, एवढं तरी विचारा. चाहत्यांनी विचारावं आणि टीकाकारांनीही.