विधी नको, पण व्यवस्था हवी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्या देहाचे दहन न करता तो मिठात घालून पुरावा, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्यासाठी घरामागे खड्डाही तयार ठेवला होता. तथापि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, तेव्हा वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि अखेर दहनच करावे लागले. टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी दत्तक पुत्राच्या हक्काबद्दल वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. सत्यशोधक समाजाच्या संस्थापकाच्या या अखेरच्या प्रवासातून एक बोध घेण्यासारखा आहे. इच्छा नुसती असून भागत नाही. ती व्यवहारात बसणारी असावी लागते, आणि ऐन वेळी निभावून नेणारे माणूसही लागते.

धार्मिक विधींवर विश्वास नसलेली माणसे आज सुशिक्षित वर्गात थोडी नाहीत. 'माझ्यामागे काही करू नका' हे वाक्य अनेक घरांत जेवताजेवता उच्चारले जाते. कागदावर मात्र उतरत नाही. उतरलेच, तर तो कागद बहुधा तेराव्यानंतर कपाटातून बाहेर निघतो. दरम्यान शेजारी जमतात, कोणी काका पुढाकार घेतात, भटजींना निरोप जातो आणि दुःखाने गोंधळलेली मुले मान डोलावतात. त्यांना दोष कसा द्यावा? परंपरेने त्या घटकेसाठी प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिले आहे. अस्थी कधी गोळा करायच्या, दहाव्याला काय, तेराव्याला काय, हे सारे ठरलेले असते. शोकाकुल माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो. 'काही करू नका' एवढेच सांगणारा नास्तिक तो आधार काढून घेतो आणि त्या जागी काहीच ठेवत नाही. आपल्या बुद्धिवाद्यांची ही उणीव प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी या बाबतीत संदिग्धता ठेवली नव्हती. विद्युतदाहिनीत दहन व्हावे, पिंडदान, काकस्पर्श इत्यादी होऊ नयेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. १९६६ च्या फेब्रुवारीत मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीतच त्यांचे दहन झाले. सावरकरांचे इतर विचार कोणाला पटोत वा न पटोत, हा स्पष्टपणा अनुकरणीय आहे.

सामान्य गृहस्थालाही हे अवघड नाही. एका कागदावर आपली इच्छा लिहावी व तिच्या प्रती पती किंवा पत्नी, मुले आणि एखादा खंबीर मित्र यांच्याकडे द्याव्यात. देहदान करावयाचे असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज आधीच भरावा. शवविच्छेदन झालेला देह तेथे सहसा स्वीकारला जात नाही, म्हणून दहनाचा पर्यायही लिहून ठेवावा. नेत्रदानासाठी सुमारे सहा तासच हाती असतात. कोणाला कळवावयाचे, तो दूरध्वनी क्रमांक त्याच कागदावर असावा. डॉक्टरांचा दाखला लागतो, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. पण धार्मिक विधी केल्याचा पुरावा कोणतीही कचेरी मागत नाही.

खरा पेच घरातच उद्भवतो. नवरा नास्तिक आणि बायको श्रद्धाळू, ही जोडी आपल्याकडे घरोघरी आढळते. चाळीस वर्षे जिने देवापुढे दिवा लावला, तिने पतीच्या फोटोपुढेही तो लावू नये काय? आमच्या मते आपल्या देहाचे काय व्हावे, हे सांगण्याचा अधिकार जाणाऱ्याचा आहे. मागे राहिलेल्याने शोक कसा करावा, हे ठरविण्याचा नाही. मात्र या दोहोंमधली सीमारेषा दोघांनी समोरासमोर बसून आखलेली बरी. एकाच्या मृत्यूनंतर ती आखण्याचे ओझे मुलांवर पडते, आणि अशा वादातून भावंडांचे अबोले वर्षानुवर्षे टिकतात.

राहता राहिली स्मृतिसभा. आपल्या शोकसभांत वक्ते मृताविषयी कमी आणि स्वतःविषयी अधिक बोलतात, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून तासाभराची सभा, मोजके तीन-चार वक्ते, मृताच्या जुन्या पत्रांतील काही उतारे, आवडीचे एखादे गाणे आणि दोन मिनिटे स्तब्धता एवढे पुरेसे व्हावे. एखाद्या शिक्षकाच्या सभेत त्याच्या मागल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला बोलू द्यावे. तेराव्याच्या जेवणावळीचा खर्च वाचला, तर त्यातून शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत. मुलांनाही त्या दिवसांत काही काम हवे असते. पत्रे शोधणे, पुस्तके निवडणे हे ते काम होऊ शकते.

मरणाचे बोलणे अभद्र मानून आपण ते टाळतो. पण विम्याचा अर्ज भरताना वारसाचे नाव आपण निमूटपणे लिहितोच. त्याच बैठकीत आणखी एक कागद लिहावा आणि घरच्यांना वाचून दाखवावा. आपल्या विचारांची जबाबदारी आपणच घ्यावयाची असेल, तर ती आपल्या मरणाच्या दिवशी रडणाऱ्या मुलांवर ढकलता येणार नाही.