शाळेची उगवण कोण तपासणार?



मृगाआधी बियाणं घरात आलं की आपण ज्वारीचे 100 दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि आठवड्यानं उघडून कोंब मोजतो. 75 च्या खाली निघाले तर पिशवी घेऊन दुकानदाराच्या दारात उभे राहतो. कृषी विद्यापीठात आम्ही ही परीक्षा पुस्तकातून शिकलो. आमच्या आजीला ती आधीपासून येत होती.

एका पेरणीच्या बियाण्याला आपण इतकं पारखतो. मग ज्या शाळेत पोराची पाच-सहा वर्षं पेरतो, तिची पारख कोण करतो?

गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका गावी कापसाच्या भावावर बैठक होती. भावाचं बोलून झालं तेव्हा मागं बसलेली एक बाई म्हणाली, "आता शाळेचं बी बोला." गावात अनुदानित माध्यमिक शाळा आहे, पाचवी ते दहावी. बापमंडळींनी लगेच निकाल दिला : "शाळा बरी हाये. निकाल चांगला लागते." त्या बाईला विचारलं तर ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "बोललं त पोरीच्या मार्काले कात्री लागते, भाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांना शाळेपासून लांब, पारावर गाठलं. त्यांचं मत बापांपेक्षा वेगळं निघालं. गणिताच्या मास्तरांची जागा दोन वर्षांपासून रिकामी. खेळाचे मास्तर गाईड पाहून गणितं फळ्यावर उतरवतात. प्रयोगशाळेचं कपाट तपासणीचे साहेब आले त्या दिवशी उघडलं होतं. मुलींनी सांगितलं ते ऐकून आम्हालाच मान खाली घालावी लागली. संडासात पाणी नाही, म्हणून त्या घरी परतेपर्यंत पाणीच पीत नाहीत. एका मास्तरांबद्दल मात्र सगळी पोरं एका सुरात चांगलं बोलली. ते रविवारी येऊन बीजगणित शिकवतात, एक पैसा घेत नाहीत. तेव्हा सरसकट मास्तरांना झोडपण्याचा आमचा इरादा नाही. जनगणना, निवडणूक, याद्या ही कामं त्यांच्या माथी मारणारं सरकारही या शाळेचं देणेकरी आहे.

मग आम्ही गोणपाटातली परीक्षा घेतली. दहावीच्या दहा पोरांना विचारलं : 5 क्विंटल कापूस, क्विंटलला 7000 रुपये भाव, व्यापाऱ्यानं क्विंटलमागे 1 किलो कापला, तर हातात किती? उत्तर 34,650. दहांत तिघांना आलं. नववीत शाळा सोडून जिनिंगवर हमाली करणारा एक पोरगा शेजारी उभा होता. त्यानं तोंडी सांगितलं.

आणि याच शाळेचा निकाल चांगला लागतो!

निकालाची गंमत पाहा. राज्याचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा आणि समाजशास्त्र विषयांतले शाळेच्या हातचे गुण काढून घेतले, तर निकाल 77.10 वर आला. 2020 साली ते गुण परत शाळेच्या हाती दिले आणि निकाल 95.30 वर गेला. (त्या वर्षी करोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण मिळाले, हेही खरं.) दोन वर्षांत पोरांची अक्कल इतकी खालीवर होत नाही. खालीवर होतो तो वाढणाऱ्याचा हात. ते गुण शाळेच्या हातात आहेत म्हणून ती बाई गप्प होती. बापांचं 'शाळा बरी हाये' हे मत कशावर उभं आहे तेही इथंच कळतं.

संस्थाचालक म्हणतात, अडाणी पालकाला शिक्षणातलं काय कळतं? बियाणं कसं तयार करतात हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पण उगवलं की नाही, हे सगळ्यांना कळतं.

कायद्यानं पालकाला तोंड दिलं, असं सांगतात. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, निम्म्या बायका, असं त्यात लिहिलं. दोनच वर्षांत, 2012 साली, दुरुस्ती आली : अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देईल. म्हणजे पगार सरकारी तिजोरीतून, संस्था पुढाऱ्याची आणि पालकाकडे उरला सल्ला. तोही आठवीपर्यंतच. हक्काचा कायदा, पोषण आहार, फुकटची पुस्तकं, सगळं आठवीला संपतं. नेमकं नववीतच पोरगं वेचणीला जातं आणि वर्गात परत येत नाही.

तिजोरी कुणाची, हा सवाल जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं मांडला होता. सरकारी उत्पन्न रयतेच्या घामाचं आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आज शाळा गावात आली, पण हिशेब विचारायची वेळ आली की रयत पुन्हा दाराबाहेर.

दोष आपलाही आहे. ज्याच्याकडे दोन पैसे आहेत त्यानं आपलं मत पायानं दिलं. सकाळी पिवळी गाडी येते आणि त्याचं पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातं. त्या शाळेची उगवण तरी कुणी तपासली? गळ्यातला टाय पाहूनच आपण खूश. इकडे गावच्या शाळेत उरली मजुरांची आणि कोरडवाहू तीन एकरवाल्यांची पोरं. ज्यांचा आवाज साहेबापर्यंत पोचतो ते गेले, आणि जे उरले त्यांना मार्काचं भय. शाळा बिघडते ती अशी. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढं एकेकटं गेलं की काय होतं, हे आपल्याला नव्यानं शिकायला नको. तिथं एकत्र जातो, तर शाळेत एकेकटे का?

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं आपल्या शाळेची माहिती आणावी. मंजूर पदं किती, भरलेली किती, अनुदान किती आलं आणि कशावर खर्च झालं, हे 2005 च्या माहिती अधिकारात लेखी मागावं. अर्ज एकट्या पालकाच्या नावानं करू नका. ज्यांची पोरं त्या शाळेत नाहीत अशा चार म्हाताऱ्यांच्या सह्या घ्या. त्यांचे मार्क कुणी कापू शकत नाही. मुलींचं म्हणणं बायकांनी ऐकावं, पुरुषांनी तिथं बसू नये. आणि कापसाचा तो हिशेब दहावीच्या दहा पोरांना घालून किती जणांना आला, तो आकडा चिठ्ठीवर लिहून आणावा. शाळेचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.