साठवणूक विखुरलेली, जबाबदारी मात्र एकाची

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचारी ज्या 'जी-ड्राइव्ह'मध्ये रोजच्या कामाच्या फायली ठेवत, त्यातला सुमारे ८५८ टेराबाइट डेटा त्या आगीत गेला आणि त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. त्याआधी मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गुगल क्लाउडवरचा खासगी क्लाउड मांडणीतल्या एका चुकीमुळे पुसला गेला होता. तिथे डेटा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेला होता, तरी दोन्हीकडचा गेला, कारण दोन्ही ठिकाणे एकाच वर्गणीखाली होती. सावरताना दुसऱ्या कंपनीकडचे बॅकअपही उपयोगी पडले. म्हणजे प्रती वाढवून भागत नाही, त्या वेगवेगळ्या हातांत असाव्या लागतात. ब्लॉकचेनवर आधारलेली विकेंद्रित साठवणूक नेमके हेच देऊ करते.

तंत्र कच्चे आहे म्हणून मोठे ग्राहक तिकडे वळत नाहीत, असे म्हणणे अर्धवट आहे. ऑक्टोबर २०२० पासून चालू असलेल्या फाइलकॉइन या विकेंद्रित साठवणुकीच्या जाळ्यात साठवणदाराला आपल्याकडचा डेटा शाबूत असल्याचा गणिती पुरावा दर २४ तासांनी द्यावा लागतो. चुकला तर त्याने तारण ठेवलेल्या रकमेतून कपात होते. नेहमीच्या क्लाउडमध्ये असा पुरावा ग्राहकाच्या हाती येत नाही, तिथे कंपनीच्या शब्दावर भिस्त असते. तरीही बँका आणि रुग्णालये बिचकतात. बंदिस्त स्वरूपात ठेवलेला डेटा परत उलगडायला काही तास लागू शकतात, ही एक अडचण आहे. पण त्याहून मोठी अडचण हिशेबाची आणि उत्तरदायित्वाची आहे. भाव टोकनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या आभासी चलनात असेल तर पुढच्या वर्षाची तरतूद कशी करायची? भारतात तर २०२२ पासून अशा टोकनच्या हस्तांतरावर एक टक्का टीडीएस आणि नफ्यावर ३० टक्के कर आहे. आणि डेटा हरवलाच, तर नोटीस कुणाच्या नावे काढायची? या प्रश्नांना उत्तर नसताना कोणताही जबाबदार वित्त अधिकारी सही करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून माझे म्हणणे असे की, ग्राहकाच्या व्यवहारातून टोकन पूर्णपणे बाजूला झाले पाहिजे. मध्ये एक नोंदणीकृत कंपनी हवी. तिने रुपयांत, जीएसटीसह बिल द्यावे, करारात भरपाईचे कलम घालावे आणि ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर जवळपास जसेच्या तसे चालू द्यावे. स्टोर्ज ही सेवा बरीचशी याच वाटेने गेली. तिच्या मूळ रचनेत फाइल एनक्रिप्ट होऊन तिचे ८० तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर जात आणि त्यांतले कोणतेही २९ मिळाले की फाइल पुन्हा उभी राही. ग्राहकाला टोकन हाताळावे लागत नाही.

यावर आक्षेप येतो की मध्यस्थ आला की विकेंद्रीकरण संपले. एनक्रिप्शनच्या किल्ल्या मध्यस्थाकडेच राहणार असतील तर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण किल्ल्या आणि तुकड्यांचा नकाशा ग्राहकाच्या हाती असेल, तर मध्यस्थ बुडाला तरी डेटा बुडत नाही. विखुरायचा आहे डेटा. उत्तर देणारा माणूस विखुरण्यात ग्राहकाचा काहीच फायदा नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो अधिक कठीण आहे. देयकांचा डेटा भारतातच साठवावा, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बजावले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्कही आहे. तेव्हा तुकडे भारतातल्याच यंत्रांवर ठेवण्याची हमी देता आली पाहिजे. आर्वीव्हसारखी कायमची साठवणूक तर वैयक्तिक माहितीसाठी वापरूच नये. किल्ली नष्ट केली म्हणजे माहिती पुसली, असा युक्तिवाद केला जातो. नियामकाने तो स्पष्ट शब्दांत मान्य करेपर्यंत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

विकेंद्रित साठवणूक स्वस्त पडते, या दाव्याबाबतही सावध राहावे. फाइलकॉइनमध्ये पडताळलेला डेटा ठेवणाऱ्याला बक्षिसाच्या हिशेबात दहापट वजन मिळते, म्हणून ग्राहकाला नाममात्र दर देणे परवडते. असा दर बक्षिसाच्या आधारावर उभा असतो. त्यामुळे आज रोजच्या व्यवहारांचा डेटा तिकडे हलवण्याची घाई नको. जुनी अभिलेखागारे, वैद्यकीय प्रतिमांचे संग्रह आणि बॅकअपची दुसरी प्रत यांपासून सुरुवात करावी. निविदेत मात्र एक अट पक्की हवी: पुरवठादाराने स्वतःची यंत्रणा एक दिवस बंद ठेवावी आणि ग्राहकाने तेवढ्या वेळात, फक्त आपल्या किल्लीच्या बळावर, निवडलेल्या फायली थेट जाळ्यातून परत आणून दाखवाव्यात.