इम्पोर्टेड गाडीला ‘मायलेज वाढवणारं’ यंत्र लावू नका

परदेशातून आणलेली गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. पेट्रोल शंभरीपार गेलं, त्यात पंपावर वीस टक्के इथेनॉलचं ई२० आलं. वैतागलेल्या गाडीमालकाला गाठून भरघोस बचतीची हमी देणाऱ्यांचं चांगलंच फावलंय. कुणी इंधनाच्या पाइपवर बांधायचं चुंबक विकतं, कुणी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायची डबी, तर कुणी पाण्यापासून वायू बनवणारं किट. यातलं काहीही घेऊ नका. लावलं असेल तर याच आठवड्यात काढून टाका.

ई२०मुळे मायलेज घटतं, ही तक्रार खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०शी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट येईल, असं नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच म्हटलंय. पण इंधनात मुळातच नसलेली ऊर्जा चुंबक कुठून आणणार?

ती सॉकेटातली डबी खोलून बघा. आत एक छोटी सर्किटची पाटी, एक बटण, एक स्वस्तातली चिप आणि लुकलुकणारे दिवे. गाडीच्या संगणकाशी संवाद करणाऱ्या पिनांना अनेकदा तारच जोडलेली नसते. ‘दोनशे किलोमीटर चालवा, मग फरक कळेल,’ असं विक्रेता सांगतो. डबी लावल्यावर माणूस आपोआप जपून गाडी चालवतो आणि श्रेय डबीला जातं.

डबीत निदान पैसेच जातात. पाण्याच्या किटची मात्र मला खरोखर भीती वाटते. बॉनेटखाली बरणी, तिच्यात स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक घातलेलं पाणी. त्याला लागणारी वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटर फिरवणार इंजिन, आणि इंजिनाला पेट्रोल हवंच. प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा वाया जाते, म्हणजे मिळणाऱ्या वायूपेक्षा त्यासाठी जाळलेलं पेट्रोलच जास्त. वर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं तयार मिश्रण तापलेल्या इंजिनाशेजारी! फ्यूज न घालता ओढलेली एक वायर घासली, एक ठिणगी पडली, तर काय होईल ते सांगायला नको.

यातूनही बचत दिसेना, की ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत आणखी एक सर्किट घुसवलं जातं. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून संगणक पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. त्यालाच फसवलं की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन मिसफायर करू लागतं आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी वितळते. इम्पोर्टेड गाडीचा हा एक भाग लाखांत जाऊ शकतो आणि तो येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी. वायर कापलेली दिसली की वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. नियमबाह्य बदलांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली. मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं एकही सापडलं नाही, काहींनी तर प्रदूषण वाढवलं.

म्हणून विक्रेता दारात आला, तर त्याच्याकडे तुमच्याच मॉडेलवर झालेल्या चाचणीचा पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचा अहवाल मागा. ‘ग्राहकांचे व्हिडिओ’ दाखवू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा. आपल्या गाडीला ई२० चालतं का, हे कळण्यासाठी टाकीच्या झाकणाजवळचं लेबल वाचा. २०१८च्या ऑक्टोबरपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर ई५, ई१० असं गोलात छापलेलं असतं. तिथे ई२० नसेल, तर रबरी नळ्या आणि सील यांबद्दल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. आणि मायलेज टिकवायचं, तर टायरमधली हवा थंड टायरवर, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा.

आधीच फसला असाल, तर जोडणीचे फोटो काढा, बिल आणि जाहिरात जपून ठेवा, किट जाणकार इलेक्ट्रिशियनकडून उतरवून घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर तक्रार नोंदवा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर अशी जाहिरात आली, तर तिच्याखाली हे लिहायला संकोचू नका.