मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

13 फेब्रुवारी 2017 रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने हृदयवाहिनीत बसवावयाच्या स्टेन्टची कमाल किंमत ठरविली. साधा स्टेन्ट 7,260 रुपये, औषधलेपित 29,600 रुपये. तत्पूर्वी औषधलेपित स्टेन्ट लाख-सव्वा लाखाला रुग्णाच्या माथी मारला जात होता. कोणा मंत्र्याला पाझर फुटला म्हणून हे घडले, असा समज कोणी करून घेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लढविली गेली होती.

परंतु स्टेन्ट काही आपल्या पायांनी हृदयापर्यंत चालत जात नाही. त्याला मार्गदर्शक तार लागते, कॅथेटर लागतो, वाहिनी रुंदावणारा बलून लागतो. या साहित्याला कमाल किमतीचे बंधन तेव्हाही घातले गेले नाही आणि आजही नाही.

याच प्राधिकरणाने 2018 साली दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. औषधे व वापराचे साहित्य यांवर खरेदी किमतीच्या 1,737 टक्क्यांपर्यंत नफा उकळलेला आढळला. तोही बहुतांशी उत्पादकाने नव्हे, रुग्णालयाने! छापील किमतीहून अधिक घेणे बेकायदा, म्हणून छापील किंमतच फुगवून घ्यावयाची. जो उत्पादक ती फुगवील त्याचा माल घाऊक उचलावयाचा. स्पर्धेने भाव उतरतात असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी येथे भाव चढविणारी स्पर्धा पाहून घ्यावी. गिऱ्हाईक तर टेबलावर निजलेले असते. ते घासाघीस काय करणार?

1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली आणि छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविण्यास मनाई झाली. म्हणजे पहिल्या दिवशी मारलेला डल्ला कायम, वर वार्षिक वाढीची सोय!

एवढ्या किमतीशिवाय रुग्णालय चालतच नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत साहित्यासह ठरलेल्या एकरकमी दराने हेच उपचार खासगी रुग्णालये करतात. दर कमी पडतो अशी त्यांची कुरकुर असते, आणि ती काही प्रमाणात खरीही असेल. मग त्या दराचा हिशेब मांडावा. तारेच्या छापील किमतीआड दडू नये.

4 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाच्याच दुकानातून खरेदी करावयास लावण्याच्या प्रश्नावर धोरण ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. तेव्हा आता मोर्चा मुंबईकडे वळला पाहिजे. बिलात स्टेन्टची किंमत, उत्पादक व बॅच क्रमांक स्वतंत्र दाखविण्याची सक्ती 2017 च्या आदेशात होती. तीच सक्ती, खरेदी किमतीच्या नोंदीसह, तार, कॅथेटर व बलून यांना लागू करावी, ही मागणी तालुक्या-तालुक्यांतून जमविलेल्या बिलांच्या प्रती जोडून आरोग्यमंत्र्यांपुढे ठेवावी.